दोष डोळ्यांचा नव्हता

माझे डोळे गेले, असा निकाल आमच्या ओसरीवर लागला तेव्हा मी आत कांदा चिरत होते. निकाल देणारे दोघं. एक माझे धाकटे दीर, त्यांचं घर आमच्या घराला भिंत लावून आहे. दुसरा माझा मुलगा, तो सणसवाडीला एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि रविवारी तेवढा निमोण्याला येतो. आरोपी आत, विळीवर.

"नाना, आईला संध्याकाळचं दिसत नाही हे तर खरंय ना?" मुलगा म्हणाला.

"संध्याकाळचं म्हंजी? आरं, उसानं भरलेली ट्रॉली दिसली न्हाई वहिनीला. काय उंदीर हाय का ट्रॉली? हत्तीवाणी उभी व्हती."

ट्रॉलीचं खरं होतं. त्याच आठवड्यात मी वरवंडहून, माहेराहून, गाडी घेऊन परत येत होते. दिवस मावळला होता. न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली सोडून ट्रॅक्टरवाला कुठंतरी गेला होता. मागं ना दिवा, ना रेडियमची पट्टी. मला ती दिसली तेव्हा उसाच्या शेंड्यांची वाढी काचेला लागायचीच बाकी होती. ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं, तरी बंपरचा डावा कोपरा घासलाच. मी थांबले नाही. घरी आले, गाडी शेडमध्ये लावली, भाकरी थापल्या, कुणाला काही बोलले नाही. पण बंपर काही माझ्यासारखा गप्प बसणारा नव्हता. सकाळी दिरांनी ओरखडा बघितला आणि मला विचारलं. मी सांगितलं. रविवारी मुलगा आला आणि खटला उभा राहिला.

त्या दिवशी उशीर का झाला, ते मात्र सांगितलं नव्हतं. चौफुल्याला हॉटेलासमोर गाडी लावून, काच खाली करून, मी एकटीच चहा पीत बसले होते. एक संपल्यावर दुसरा सांगितला. कुणाची वाट बघत नव्हते, कसला विचार करत नव्हते. हायवेची रहदारी बघत होते आणि मला बरं वाटत होतं. आमच्याकडे माझ्या वयाच्या, कपाळ मोकळं असलेल्या बाईनं हॉटेलापुढं बसून बरं वाटून घेणं हे ट्रॉलीला धडकण्यापेक्षा लाजिरवाणं आहे. म्हणून ट्रॉली कबूल केली, चहा लपवला.

निकाल मला मान्यही होता. बरेच महिने संध्याकाळी गाडी चालवताना पुढचा रस्ता ताकातून बघितल्यासारखा दिसायचा. पन्नाशी आली, दुसरं काय होणार, असं मी धरून चालले होते. मुलानं आत येऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, "आई, उगाच रिस्क नको. गाडी काढून टाकू. तुला कुठं जायचं असेल तर फोन कर, मी कॅब बुक करून देत जाईन."

"निमोण्यात?"

"येतात आता. शिरूरवरनं."

म्हणजे ती कॅब शिरूरवरनं निमोण्याला येणार, मला घेऊन वरवंडला जाणार, आणि तोवर माझी आई म्हातारपण उरकून मोकळी होणार. हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "बघा तुम्हाला योग्य वाटेल तसं." दिरांनी खुंटीवरची किल्ली काढून खिशात घातली. "जपून ठेवतो," म्हणाले.

मी आयुष्यभर असंच बोलत आले. मनात एक, तोंडानं 'बघा तुम्हाला योग्य वाटेल तसं'. आता मात्र मनातलं लिहायला बसले आहे, तर सगळंच लिहिते.

गाडी ह्यांची. एका वर्षी कांद्यानं हात दिला तेव्हा पुण्याहून आणलेली, पांढरी, डिझेलवरची, आधी दुसऱ्या कुणी वापरलेली. आणली त्या दिवसापासून ह्यांनी तिला खिल्लारी बैलासारखी सांभाळली. रोज सकाळी धुवायची, आणि धुऊन झाली की बोळा. बोळा म्हणजे जुन्या बनियनचा गोळा. एका पत्र्याच्या डब्यात डिझेल, त्यात मोटारसायकलच्या टाकीतलं थोडं पेट्रोल, आणि त्यात हा बोळा कायम भिजत पडलेला. तो पिळून बॉनेटवर, दारांवर, टायरवर, दिव्यांवर फिरवायचा. आमच्याकडे जीपवाले, ट्रॅक्टरवाले सगळेच हे करतात. गाडी तेल प्यायल्यासारखी चकाकते. दिव्यांवर तर हे जरा जास्तच वेळ रेंगाळायचे. "गाडीचं तोंड हाय ते," म्हणायचे.

मला त्यांनी कधी चालवू दिली नाही. भांडून नाही हो, प्रेमानं. "तुला कशाला ताप? मी हाय ना." ह्या 'मी हाय ना'पुढं बाईला बोलायला जागाच उरत नाही. मी डाव्या सीटवर बसून गावोगावची लग्नं केली, बारशी केली.

मग एक पहाट अशी आली की हे खाटेवर छाती धरून बसलेले, अंग घामानं भिजलेलं, गाडी दारात, किल्ली खुंटीला, आणि चालवणारं घरात कुणी नाही. मुलगा रात्रपाळीला. दीर रात्रीच्या लायटीला पाणी द्यायला शेतावर गेलेले, त्यांचा फोन लागेना. मी अनवाणी बांधावरून पळत जाऊन त्यांना घेऊन आले. त्यांनी गाडी काढली. शिरूर यायच्या आधीच सगळं संपलं. मागच्या सीटवर, माझ्या मांडीवर.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी शिरूरला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. गाडी माझ्या नावावर करून घेतली. गावाला कारण लगेच पटलं. "त्या पहाटे येत असतं तर..." एवढं म्हणून वाक्य अर्धं सोडलं की समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. कारण खोटं नव्हतंच. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं की, न्हावऱ्याच्या सरळ रस्त्यावर पहिल्यांदा गाडी चौथ्या गियरला पडली तेव्हा मी मोठ्यानं हसले. शेजारी बसलेला शिकवणारा दचकला. "काय झालं, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, ठसका लागला.

तेव्हापासून मी खोटं वागत आले. हे गेले म्हणून मला गाडी मिळाली, आणि गाडीत मला आनंद होतो, म्हणजे हे गेल्याचा मला आनंद झाला, असं काहीतरी मी माझ्यापुरतं जुळवून घेतलं होतं. त्याचं प्रायश्चित्तही मीच ठरवलं. रोज सकाळी, देवापुढं दिवा लावायच्या आधी, गाडी धुवायची आणि त्यांच्या डब्यातला बोळा फिरवायचा. त्यांच्यासारखाच. दिव्यांवर जरा जास्त. बायका म्हणायच्या, "नवऱ्यावर किती जीव बघा." आणि मी मान खाली घालून दिवे पुसायचे.

बाहेर पडायला निमित्त आईच्या गुडघ्यांचं होतं. दर आठ-दहा दिवसांनी मी "आईचे गुडघे लईच धरलेत" म्हणून वरवंडला निघायचे. आईला हे पहिल्या फेरीतच कळलं होतं. ती म्हणाली, "गुडघं काय रोज दुखत न्हाईत माझं. पर तुला यायचं असंल तवा दुखत्यात म्हन. म्या काय नको म्हनतीया व्हय?"

एवढं सगळं त्या किल्लीला अडकलेलं होतं, आणि ती आता दिरांच्या खिशात होती.

पुढच्या रविवारी दिरांनी शिरूरहून जुन्या गाड्यांचा एक एजंट आणला. मुलगाही आला होता. एजंट गाडीभोवती फिरला, दार उघडून वास घेतला, बंपरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग पुढं येऊन उकिडवा बसला आणि दिव्यावर टिचकी मारली.

"नाना, दिवं पार बाद झाल्यात की हे."

"जळत्यात की चांगलं."

"जळत्यात, पर उजेड बाहेर यायला नको का? ह्यापरीस काजवा बरा. हिच्यात अंधाराचं कुणी चालवीत न्हाई ना?"

तिघंही हसले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"त्याचं काय न्हाई," एजंट म्हणाला. "घासून घेऊ. काच न्हाई ती, प्लास्टिक असतंय. घासलं की नव्यावाणी निघतंय. गिऱ्हाईक आधी गाडीचं तोंड बघतं."

"आसं व्हय?" दीर म्हणाले. "घ्या मग घासून."

मी वाट बघत राहिले. आत्ता कुणीतरी म्हणेल, आत्ता मुलाच्या डोक्यात प्रकाश पडेल. इतका शिकलेला, कंपनीत शंभर माणसांच्या चुका काढणारा. पण नाही. दिवे खराब ही गोष्ट एकीकडे, आईला दिसत नाही ही दुसरीकडे, आणि मध्ये माझा चहा. त्यांनी बशीत ओतून फुर्र करून प्यायला. माझ्या अंगात इतका राग चढला होता की बोलले असते तर आवाज फाटला असता. मी म्हटलं, "साखर बरोबर आहे ना?"

जाताना एजंट म्हणाला, "गाडी मालकीणबाईंच्या नावावर हाय, सही त्यांची लागंल. पुढल्या रविवारी कागदं घिऊनच येतो."

ते गेल्यावर मी शेडमध्ये गेले. रोज पुसत होते ते दिवे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. जुन्या कंगव्याच्या रंगाचे झाले होते. आतला बल्ब कुठं आहे ते कळत नव्हतं. उजवा जास्त पिवळा, कारण शेडचा पत्रा त्या बाजूला तोकडा आहे आणि दुपारचं ऊन त्याच्यावर येतं. अंधारून आल्यावर मी दिवे लावले. आमच्या गाडीचे दिवे किल्लीशिवाय लागतात. समोर दिरांच्या घराची पांढरी भिंत आहे. तिच्यावर हळदीचे हात पुसल्यासारखे दोन डाग पडले. त्यांना कड नव्हती, धड उजेड नव्हता. मी असल्या उजेडात भीमेचा पूल ओलांडून घरी येत होते. आणि डोळे माझे गेले होते म्हणे!

मी ठरवलं, हे मीच घासणार. विकण्यासाठी नाही.

आधी टूथपेस्ट लावून बघितली, कारण मोबाईलवर सगळे तेच दाखवत होते. चोळली, धुतली, तासभर बरं दिसलं, वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखं. मग शिटा भरून निघणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून शिरूरला गेले. रंगाच्या दुकानात पाण्यातले घासायचे कागद मागितले, जरा भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक.

"काय रंगवायचंय, मावशी?"

"रंगवायचं नाही, घासायचंय. गाडीचे दिवे."

"मग मिस्त्रीला पाठवा ना. त्याला बरोबर कळंल कुठला कागद ते."

"मिस्त्री मीच आहे," म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. दुकानातल्या दोघांनी वळून बघितलं. त्यानं गप कागद काढले आणि पॉलिशची डबीही दिली.

दुसऱ्या दिवशी दीर शेतावर गेल्यावर मी बादली भरली. दिव्याच्या कडेनं चिकटपट्टी लावली, रंगाला ओरखडा नको म्हणून. कागद पाण्यात बुडवून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, सरळ, घासायला सुरुवात केली. पिठल्यासारखं पिवळं पाणी खाली ओघळायला लागलं. बघूनच बरं वाटलं. मग पाणी पांढरं झालं, दुधासारखं. फडक्यानं पुसून बघते तर काय, दिवा न्हाणीघराच्या खिडकीसारखा पांढराफट! पिवळा होता तेव्हा निदान दिवा तरी वाटत होता.

नेमके तेव्हाच दीर आले. डोक्यावर वैरणीचा भारा. भारा टाकायचंही विसरले.

"वहिनी! आवं, काय चाललंय काय? व्हता त्यो बी आंधळा केलात की तुमी!"

"आधीच आंधळा होता, भावजी."

"आन् आता? मोतीबिंदू काढता काढता बुबुळ काढलं. त्यो एजंट घेनार व्हता ना घासून?"

"तो विकण्यासाठी घासणार होता."

"मग तुमी कशासाठी घासताय?"

उत्तर ओठावर होतं. पण सवय काही एका दिवसात मोडत नाही. मी दुसरा कागद बादलीत बुडवला. ते भारा सावरत पुटपुटले, "म्हाताऱ्या गाडीला काजळ घालत्यात," आणि गेले.

बारीक कागदानं पांढरेपणा मऊ झाला. त्याहून बारकानं तो धुक्यासारखा पातळ झाला. खांदा भरून आला, बोटांच्या टोकांची सालं निघाली, पण मी सोडलं नाही. मग कोरड्या सुती फडक्यानं पॉलिश चोळायला घेतलं आणि बघता बघता धुकं विरत गेलं. आधी आतली चंदेरी वाटी दिसली. मग बल्ब दिसला, बल्बमधली बारीक तारही दिसली. मी हसले. ह्या वेळी ठसक्याचं नाव सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

आणि मग मी जे केलं ते आमच्या घरातलंच माणूस करणार. काम झालं, आता शेवटचा हात म्हणून डबा उघडला, बोळा पिळला आणि त्या नितळ दिव्यावर मनापासून फिरवला. गाडीचं तोंड हाय ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडल्यावर बघते तर दिव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा, आणि सगळा दिवा पुन्हा मलूल. मला वाटलं, कागदच चुकीचा होता. जवळ जाऊन नीट बघितलं. चिरा कशाही नव्हत्या. त्या गोल गोल होत्या, हाताच्या फेऱ्यांसारख्या. कागद मी सरळ ओढला होता. गोल फिरला होता तो फक्त बोळा.

मी पालथ्या बादलीवर बसले. म्हणजे बोळ्यातलं पेट्रोल-डिझेल त्या प्लास्टिकला खात होतं; अर्धं काम उन्हानं केलं आणि अर्धं मी. रोज सकाळी, देवापुढं दिवा लावायच्या आधी, मान खाली घालून मी स्वतःच्याच वाटेवरचा उजेड पुसून टाकत होते. आधी ह्यांनी, मग मी. ह्यांना काय माहीत, त्यांनी मायेनंच केलं. पण त्यांची ती माया आणि माझं ते प्रायश्चित्त, दोन्ही मिळून मला एक दिवस ट्रॉलीखाली घालणार होती, आणि वर गाव म्हणालं असतं, तिला दिसत नव्हतं.

मला रडू आलं नाही. खरं सांगते, संताप आला, आणि संतापाच्या खाली कुठंतरी हलकंही वाटलं. मी उठले. बोळा काठीनं उचलून बंबात घातला. भडकन पेटला. त्या दिवशी पाणी लवकर तापलं आणि मी डोक्यावरून आंघोळ केली, सुतक फिटल्यावर करतात तशी.

मग पुन्हा पहिल्यापासून. भरड कागद, बारीक कागद, पॉलिश. चिरा खोल गेल्या नव्हत्या, निघाल्या. दुसरा दिवाही घासला. ह्या वेळी शेवटी बोळ्याऐवजी, ऊन लागू नये म्हणून, त्याच दुकानातून आणलेल्या पारदर्शक लॅकरचा फवारा मारला, श्वास धरून, एकसारखा, आणि धूळ बसू नये म्हणून पुढं चादर लावून राखण करत बसले. कोंबडीला दोनदा हाकललं. शनिवारी तिन्हीसांजेला दिवे लावले. दिरांच्या भिंतीवर दोन पांढरे, कडा असलेले उजेड पडले. भिंतीवरची पाल दिसली, तिची शेपटी दिसली.

रविवारी दुपारच्या चहाला एजंट कागदं घेऊन आला. दिव्यांपुढं थबकला.

"नाना, कुनाकडनं घेतलं करून? लई सफाईदार हात हाय."

दिरांना सांगावं लागलं. "वहिनींनी."

"मावशींनी? आयला! मावशी, सणसवाडीत दुकान टाका, लाईन लागंल." मग दिरांकडे वळून, "ह्या तोंडावर गिऱ्हाईक जरा चढं देतंय बघा."

दीर खूश झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं केलंत, वहिनी." खिशातून किल्ली काढून कागदांवर ठेवली. मुलानं खिशातलं पेन पुढं केलं. मी ट्रे खाली ठेवला.

"सही करायची नाही. गाडी विकायची नाही."

"आई, आपलं ठरलंय ना? तुला दिसत नाही—"

"मला दिसतंय. गाडीला दिसत नव्हतं. मागच्या रविवारी ह्याच माणसानं तुमच्या तोंडावर सांगितलं, आणि तुम्ही हसलात. तू पण हसलास."

मुलगा दिव्यांकडे बघायला लागला. त्याच्या डोक्यात आत्ता कुठं दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या, ते मला त्याच्या कानांवरून कळलं. लहानपणापासून त्याचे कान आधी लाल होतात. एजंट शहाणा माणूस. "जरा फोन करून येतो," म्हणून रस्त्यावर गेला.

"वहिनी, हट्ट करू नका," दीर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दिव्याचं ऱ्हाऊ द्या. मला ती गाडी दारात नको हाय."

"का?"

"का म्हंजी? दिसली की ती पहाट दिसती मला. तुमी अनवानी बांधावर, आन् म्या तिकडं पान्याची मोटार चालू करून गोधडीत पडलेला. फोन बंद. जागा असतो तर दादा..." त्यांनी गाडीकडे पाठ केली. "रोज सकाळी तुमी ती पुसता, आन् म्या खिडकीतनं बघतो. वाटतं, मलाच दाखवाया पुसता."

हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना दाखवायला कधीच पुसली नव्हती. मी माझ्यात इतकी गुंतले होते की त्यांची खिडकी मला दिसलीच नव्हती.

"मग माझ्या डोळ्यांचं कशाला काढलंत, भावजी?"

"दुसरं काय काढू?"

मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून किल्ली द्यायची नाही, एवढं मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. मी म्हटलं, "त्या पहाटे उशीर तुमच्यामुळं झाला नाही. गाडी दारात होती, किल्ली खुंटीला होती. मला चालवता येत नव्हती म्हणून उशीर झाला. आणि मला येत नव्हती कारण तुमच्या दादांनी येऊ दिली नाही."

"वहिनी! गेलेल्या मानसाबद्दल—"

"गेलेल्या माणसाबद्दलच बोलते. ते जिवंत असताना मी बोलले असते तर कदाचित ते गेलेच नसते." मी थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, म्हणून थांबले नाही. "आणि अजून एक. मी गाडी आईच्या गुडघ्यांसाठी चालवत नाही. ह्यांच्या आठवणीसाठी पण नाही. मला चालवायला आवडते. चालवताना मला बरं वाटतं. चार वर्षं ह्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. वाटली तरी मी चालवणार."

दीर म्हणाले, "लोकांनी इचारलं तर काय सांगू म्या?"

"हेच सांगा."

ते उठले. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, कागदांवर तशीच ठेवली आणि आपल्या घरात गेले. खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. रस्त्यावरच्या एजंटाला मुलानंच जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून आजवर दीर आमच्या ओसरीवर आलेले नाहीत. जाऊबाई येतात, ताक देतात, इकडचं तिकडचं बोलतात, गाडीचा विषय टाळतात. मला वाईट वाटतं. पण त्यांच्या मनःशांतीची किंमत माझी गाडी असणार असेल तर ती मी देणार नाही. त्या पहाटेचा दोष त्यांचा नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते मानायचं की नाही, हे आता त्यांचं त्यांनी बघावं. शेड मात्र मी बदलली. गाडी आता मागच्या बाजूला लावते, त्यांच्या खिडकीतून दिसत नाही. एवढं मी करू शकत होते, एवढं केलं.

त्या रविवारी दिवस कलल्यावर मी किल्ली उचलली. मुलगा पायरीवर बसला होता.

"आई, कुठं निघालीस?"

"ठरवलं नाही. पाटसपर्यंत जाईन, मग बघू."

"पाटसला काय काम आहे?"

"काही नाही."

"मग मावळतीला कशाला?"

"यायचं असेल तर ये," मी म्हटलं.

तो उठला आणि सवयीनं उजव्या दाराकडे आला. मी तिथं उभी होते. तो वळसा घालून डावीकडे गेला, बसला, आणि मी गाडी सुरू करायच्या आत त्यानं पट्टा लावला.